आपण म्हणजे कोण कोण?

चिमीचा हात वालाच्या सुपात थांबला, तो एका शब्दामुळे.

नोव्हेंबरातला रविवार होता, दुपार कलत आली होती. अंबरनाथजवळच्या जांभूळ गावात आपल्या घराच्या पडवीत चिमी वाल निवडत बसली होती. तिचा नवरा जनू खाटेवर आडवा होऊन आपला डावा खांदा दाबत होता. मुलगा कल्पेश अंगणात मोटरसायकल धूत होता आणि सून जिज्ञासा पायरीवर बसून मोबाईल चाळत होती. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं, म्हणजे घर अगदी सुखात होतं. तेवढ्यात जिज्ञासा मान वर न करताच म्हणाली, "जानेवारीत ना, आपण बर्फात जायचं. जुंगीधार नावाचं गाव आहे, हिमाचलमध्ये एकदम वर. वीस-पंचवीस घरं फक्त. छपरावर बर्फ, झाडावर बर्फ, रस्त्यावर बर्फ. मस्त ना?"

"जाऊ की," कल्पेश म्हणाला आणि त्यानं चाकावर बादली ओतली.

झालं, बोलणं संपलं. जिज्ञासा पुन्हा मोबाईलमध्ये गेली. पण चिमीच्या सुपातला वाल तसाच राहिला. तिच्या कानात बर्फ नव्हता, हिमाचल तर नव्हतंच. तिच्या कानात 'आपण' होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई जरा हललेलीच होती. चिमीचं माहेर खाडीकाठचं, पेणच्या बाजूचं. बाप मिठागरावर. घरात सात पोरं. बाप बाजाराला किंवा जत्रेला निघाला की सातही जणांचे कान त्याच्या तोंडाकडे लागायचे. तो "आमी जातो" म्हणाला, तर तो आणि आई जाणार, पोरांनी घर राखायचं. तो "आपून जाव" म्हणाला की सातही पोरं फ्रॉक नि सदरे शोधायला आत पळायची. 'आमी' हा दाराला कडी लावणारा शब्द होता, 'आपून' हा कडी काढणारा. चिमी चौथीपर्यंत शिकली, व्याकरण तिला कोणी शिकवलं नाही, पण या दोन शब्दांत तिची कधी गफलत झाली नाही. पोटाशी संबंध असलेलं व्याकरण माणूस विसरत नाही.

लग्न होऊन ती जांभूळला आली आणि 'आपून' फारच दुर्मीळ झाला. जनू अंबरनाथच्या बर्फाच्या कारखान्यातून टेम्पो भरून मच्छीबाजारांना लाद्या पोचवायचा. "आमी कल्याणला जातो," म्हणजे तो आणि टेम्पो. कल्पेश मोठा झाल्यावर "आमी पिक्चरला जातो," म्हणजे तो आणि मित्र. पुढे कंपनीत सुपरवायझर झाल्यावर "आमी पार्टीला जातो." चिमीच्या वाट्याला 'आपून' यायचा तो कोणाच्या हळदीला, एकवीरेला, नाहीतर दवाखान्यात. तक्रार नव्हती तिची. पण ऐकणारा कान शाबूत होता.

म्हणून तिनं हिशेब केला तो साधाच होता. पडवीत-अंगणात मिळून माणसं चार. जिज्ञासा म्हणाली, आपण. म्हणजे आपण जाणार. तिनं पुन्हा वाल निवडायला घेतला, लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी फ्रॉक शोधायची त्याच घाईनं.

"लय थंडी असल नाय तिकडं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग काय आई! मायनस," जिज्ञासा म्हणाली.

"बर्फ बगाया यवढ्या लांब?" जनू खाटेवरून बोलला. "बावीस वर्सं वायली मी लादी. खांदा गेला त्यान. बर्फ म्हंजे काय, भुसा लावायचा नि गोनपाट टाकायचा. बगायचाय काय त्यात?"

कल्पेशनं दुसरं चाक धुवायला घेतलं. जनू असं बोलतच असतो.

चिमीला मात्र त्या दिवसापासून एक अडचण पडली. बर्फ तिनंही लादीचाच बघितला होता. कोपऱ्यातून पाणी गळणारा, हाताला चिकटणारा, कोळणीच्या टोपलीत फोडून टाकलेला. अख्खं गाव असल्या लाद्यांत कसं राहत असेल? छपरावर लाद्या कोण चढवतं? सकाळी दार उघडायचं तर पहारीनं फोडावं लागत असेल का? तिनं हे कोणाला विचारलं नाही. विचारलं तर हसतील, आणि हसले तर कदाचित म्हणतील, आय तू राहूच दे.

मग एके दिवशी भांडी घासताना जिज्ञासानं तिला मोबाईलवर फोटो दाखवला. निळं आभाळ, लाकडी घर, आणि घराभोवती, कुंपणावर, वाटेवर सगळीकडे पांढरे उंचवटे, कडा गोल झालेले, ऊन पडून चकाकणारे.

"ह्या तं मीठ हाय," चिमीच्या तोंडून निघून गेलं.

जिज्ञासा खळखळून हसली. पण चिमी हसली नाही, ती फोटोतच राहिली. कारण हे तिनं पाहिलेलं होतं. मार्च-एप्रिलात मिठागराच्या बांधावर राशी लागायच्या, चिमीच्या दुप्पट उंचीच्या, एकामागं एक, पार खाडीपर्यंत. दुपारी त्यांच्याकडे बघवायचं नाही, डोळे मिटावे लागायचे. संध्याकाळी मात्र त्या निळसर व्हायच्या, मग गुलाबी, आणि बापासाठी भाकरी घेऊन गेलेली चिमी त्यांच्यामधल्या गल्ल्यांतून उगीच फिरत राहायची. तिथे वाऱ्याखेरीज काही नसायचं. सात भावंडांच्या घरातल्या पोरीला ती एवढीच जागा मिळाली होती, जिथे कोणी हाक मारत नव्हतं. पुढे मिठागर बंद पडलं, बाप गेला, बांधांवर झुडपं माजली. त्या राशी परत कुठे दिसतील असं तिला वाटलंच नव्हतं. आणि आता त्या हिमाचलात होत्या.

"मऊ असतो आई हा बर्फ," जिज्ञासा सांगत होती. "कापसासारखा. थांबा, व्हिडिओ दाखवते."

व्हिडिओत बर्फ पडत होता. घाई नाही, गडबड नाही. एक कण खाली येता येता मध्येच वळत होता, जरा थांबत होता, मग कुठेतरी टेकत होता.

"आवाज बंद केलास काय गो?"

"नाही, चालू आहे. बर्फ पडताना आवाजच नसतो."

चिमीनं मोबाईल कानाला लावून पाहिला. खरंच काही नव्हतं. हे मात्र तिला पटायला दोन दिवस लागले. जे वरून पडतं ते आवाज करतं, हे ती जन्मभर धरून चालली होती. पाऊस आवाज करतो, आंबा आवाज करतो, माळ्यावरचं पातेलं तर विचारूच नका. आणि जांभूळला राहणाऱ्या माणसाला बिनआवाजाचं काही ठाऊकच नसतं. गावालगतच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या मोठ्या पंपांची घरघर इथल्या प्रत्येक घरात अन्नासारखी वाढलेली असते. ती घरघर चिमीला एरवी ऐकूही येत नसे. आता ऐकू यायला लागली, आणि तिच्या पलीकडे एक गाव दिसायला लागलं, जिथे सगळं हळूहळू, न बोलता पांढरं होत होतं.

ती त्या गावात जाऊ लागली. तिकीट वगैरे लागत नव्हतं. तांदळाचं पीठ मळताना जायची, कपडे वाळत घालताना जायची. दुपारी जरा पडली की डोळा लागायच्या आत पोचायची. वाटेवर पाय टाकला की तो घोट्यापर्यंत आत जायचा. ती खाली वाकायची, बोटानं जरासा बर्फ उचलून जिभेवर ठेवायची, आणि दर वेळी तो खारट लागायचा. हे चुकीचं आहे हे तिला कळत होतं. पण स्वप्नाला शिकवायला कोण जाणार?

डिसेंबर लागला तशी तिनं तयारी सुरू केली. तयारी म्हणजे, ती पहाटे उठून नदीकाठी जाऊन अनवाणी उभी राहू लागली. अंगाला थंडीची सवय व्हावी म्हणून. उल्हास नदीवर धुकं असायचं, गवत ओलं असायचं आणि चिमी पदर कानाला बांधून, डोळे मिटून दहा मिनिटं तिथे उभी असायची. चौथ्या दिवशी शेजारच्या बनूबाईनं तिला गाठलं.

"चिमे, नवस बिवस बोललीस काय गो? का जीव द्यायचा इचार हाय?"

मग सांगणं भागच पडलं. खरं तर चिमी कोणीतरी विचारायची वाटच बघत होती. "जानेवारीत आमी बर्फात चाललू. हिमाचलला. पोरांनी ठरवलाय."

बनूबाईचे डोळे विस्फारले. "तुमी बी?"

"मंग? जिज्ञासा बोल्ली ना, आपून जायचं म्हनून."

बनूबाईला सांगणं म्हणजे पंचायतीच्या फळ्यावर लिहिणं. संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं. दळणाच्या गिरणीत कोणी तिला मोजे नेण्याचा सल्ला दिला, कोणी सुंठ. चिमी सगळ्यांचं ऐकून घेत होती आणि मनात मांडे खात होती. जिज्ञासानं डोंगरातल्या ज्या बाईच्या घरी खोल्या ठरवल्या होत्या, तिच्याकडे रिकाम्या हातानं जायचं कसं? वाल न्यावेत. सुका जवळा न्यावा, पण त्यांना वास सोसेल का? ती एवढं सगळं ठरवत होती, फक्त एक गोष्ट करत नव्हती. ती घरात कोणाला काही विचारत नव्हती.

मग तो शनिवार आला. जिज्ञासा म्हणाली, "आई, चला माझ्याबरोबर. आपण जॅकेटं बघून येऊ."

पुन्हा 'आपण'. चिमीनं ठेवणीतली साडी काढली.

उल्हासनगरचा तीन नंबर कॅम्प म्हणजे जिज्ञासाचं माहेरघर. तिच्या वडिलांचा तिथे जीन्सचे धागे कापून द्यायचा लहानसा धंदा होता. घर मराठी, पण गल्लीतली पोरं सगळी सिंधी, आणि शाळा हिंदी. बदलापूर, मग अंबरनाथ, मग उल्हासनगर, अशा शेअर रिक्षा बदलत दोघी पोचल्या. एका चिंचोळ्या दुकानात छतापासून गुडघ्यापर्यंत जॅकेटं लटकत होती. दुकानदार शेठ जिज्ञासाला ती दोन वेण्या घालायची तेव्हापासून ओळखत होता.

"आओ जिग्ना बेटा! कहाँ चली, शिमला?"

"उससे भी ऊपर, अंकल."

जिज्ञासा जॅकेटं उलटीसुलटी करून बघू लागली. चिमीच्या समोर लोकरी टोप्यांचं खोकं होतं. तिनं एक लाल टोपी उचलली, कान झाकणारी, खाली दोन गोंडे असलेली. इकडे तिकडे बघितलं आणि घातली. समोर आरसा होता. आरशात एक बाई होती, गोल तोंडाची, नाकात मोरणी, डोक्यावर लाल टोपी. चिमीनं डोळे जरा बारीक केले, तशी मागची जॅकेटं नाहीशी झाली. बाईच्या मागे लाकडी घर आलं. तिच्या खांद्यावर एक पांढरा कण येऊन टेकला, मग दुसरा. काही आवाज नव्हता.

"कितने जने हो?" शेठनं विचारलं.

"चार. हम दोनों, और भावेश-प्राची. कल्पेश के कंपनीवाले."

आरशातला बर्फ पडायचा थांबला.

"और अम्मा?" शेठनं चिमीकडे बघून हसत विचारलं.

"आई?" जिज्ञासानं वळून पाहिलं आणि तीही हसली. "नहीं अंकल, आई कहाँ बर्फ में!"

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, अगदी शपथेवर सांगता येईल. तेच जास्त लागलं. कोणी मुद्दाम दार लावलं तर भांडता तरी येतं. इथे दाराबाहेर कोणी उभं आहे हेच कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चिमीनं टोपी काढली. गोंडा मोरणीत अडकला, तो सोडवायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिचे कान तापून लाल झाले.

"अशीच बगत होते," ती म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

परतीच्या रिक्षात जिज्ञासा प्राचीशी फोनवर बोलत होती. "ए, आपण तर बाबा खिडकी सोडणार नाही हां! आधीच सांगते. आपल्याला खिडकीच पाहिजे." आणि चिमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खिडकीत काही चार माणसं बसत नाहीत. 'आपण' म्हणजे जिज्ञासा, एकटी! मग तिला एकेक आठवू लागलं. "आपल्याला भूक नाही आई." "आपण तर झोपतो आता." "आपल्याला नाही जमत ते पुरण." दोन वर्षं सून घरात हेच बोलत होती आणि चिमीनं ऐकलंच नव्हतं. ते आपण नव्हतंच. ते हिंदीतलं 'अपन' होतं, मराठी साडी नेसून आलेलं. ते कधी एकाला पुरायचं, कधी दोघांना, कधी चौघांना, जसं बोलणाऱ्याला हवं तसं.

तिला जिज्ञासाचा राग आला नाही. स्वतःचाच आला. छप्पन्न वर्षांची बाई, एका शब्दावर सहा आठवडे हवेत राहिली, पार नदीकाठी जाऊन उभी राहिली!

आळीत शिरल्या शिरल्या बनूबाई ओट्यावर होतीच. "काय घेतलास गो? दाव की!"

"माजं काय नाय," चिमी म्हणाली. "गुडघं दुखतान माजं. मी नको बोल्ले पोरांना."

बनूबाईनं तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या दयेनं चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं ठरवलं, विषय संपला. नदीवर जाणं बंद केलं. पण झालं असं की बर्फ काही जाईना. ती पीठ मळायला बसली की तो पडायला लागायचा. ती त्याला हाकलायची, भांडी जोरात आपटायची, टीव्ही मोठा करायची. तो सगळ्याच्या मागे, न बोलता पडत राहायचा. दोन-तीन दिवसांनी तिला कळलं की 'आपण' शब्द चुकीचा असेल, पण त्या शब्दामुळे जे जागं झालं ते काही चुकीचं नव्हतं. तिला जायचं होतं. कोणी बोलावलं म्हणून नाही, कोणाची सोबत म्हणून नाही. तिला, चिमीला, जायचं होतं. असं काही आपल्याला हवं असू शकतं, याचंच तिला नवल वाटत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. कल्पेश म्हणाला, "आय, आमी तेरा तारखेला निगतो. आठ दिस नसू. बाबांच्या गोळ्या मी आनून ठेवतो."

'आमी'. या शब्दात मात्र खोट नव्हती. कडी लागल्याचा आवाज चिमीनं नीट ऐकला. तिच्या हातात कालवणाचा डाव होता. तो तिनं पातेल्यात ठेवला.

"मना बी यायचंय," ती म्हणाली.

कल्पेशला वाटलं, गंमत आहे. "कुठं? बर्फात? तू?" तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "आय, तिथं मायनस आठ असतंय. चढाव हाय. तू काय करनार तिथं?"

"काय नाय करनार. पडताना बगनार. त्याचा आवाज नाय येत म्हनं."

"अगो पन भावेश नि प्राची हायत. त्यांना काय वाटंल?"

"मी काय भावेशच्या मांडीवर बसनार हाय?"

जिज्ञासाला हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं. ती चिमीकडे बघत होती. "आई, तुम्हाला आधीपासून यायचं होतं?"

"तू बोल्लीस ना. आपन जायचं."

"मी? कधी?"

"मी वाल निवडत होते तवा. पयल्या दिशी."

जिज्ञासाला आठवायला वेळ लागला. मग लाल टोपी आठवली, शेठ आठवला, आपण दुकानात काय म्हणालो ते आठवलं. तिनं जीभ चावली. तिचा चेहरा एवढासा झाला. "मी तसं... मी ना, असंच बोलते आई. माझं मराठी..." आणि पुढे तिला मराठीही सुचेना आणि हिंदीही. उष्ट्या हातानंच ती उठली, हात धुतला आणि फोन आणला.

"जिज्ञासा, आधी इचार तं करू," कल्पेश म्हणाला.

"केला," जिज्ञासा म्हणाली आणि तिनं जुंगीधारला फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडून त्या घरवाल्या बाईचा आवाज आला. मागे कुत्रं भुंकत होतं. जिज्ञासानं विचारलं, आमच्याबरोबर सासूबाई आल्या तर जमेल का, त्यांना थंडी सोसेल का. "ले आओ जी," बाई म्हणाली. "नीचे चूल्हे वाला कमरा है, गरम रहता है. माताजी वहीं सो जाएँगी. और दिन में हम लोग ऊपर मंदिर तक जाते हैं, बर्फ में, धीरे-धीरे."

चिमीनं एकदम फोन स्वतःकडे ओढला. "हम लोग मंजे कौन कौन?" ती मोठ्यानं म्हणाली, आवाज हिमाचलपर्यंत जायला हवा म्हणून. "उसमे मैं बी हाय क्या?"

पलीकडे कुत्रं पुन्हा भुंकलं. "आप भी, माताजी," बाई म्हणाली. "आप ही तो."

कल्पेशनं मान खाली घालून भात कालवला. "बरं चल," तो म्हणाला. "पन गरम कपडं मी सांगंन तेच घालायचं." चिमीला ते ऐकूही आलं नाही. ती उठली आणि हे कोणालातरी पुन्हा एकदा सांगायला हवं म्हणून पडवीत आली. जनू मघाशी फोन चालू असतानाच ताटावरून उठून बाहेर आला होता. खाटेवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

"ऐकलाव काय?" ती म्हणाली. "चालले मी. खरंच चालले. तुमच्या जेवनाचं मी बनूबाईला सांगून ठेवते. आठच दिस तं हायत."

आता तो लादीचं काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो खांदा दाबत राहिला.

"त्या दिशी मी बी हितंच बसलेलो, चिमे," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खाटेच्या कडेवर बसली. पडवीत-अंगणात मिळून माणसं चार होती. जिज्ञासा म्हणाली होती, आपण. ऐकणारे कान दोघांचे होते, आणि त्यातल्या एकानं लगेच लादीचं बोलणं काढलं होतं, कारण न बोलावता जायची भीती त्यालाही तेवढीच होती. चिमी ते सहा आठवडे आठवून बघू लागली. ती वाट, ते छप्पर, तो घोट्यापर्यंत आत जाणारा पाय. सगळ्या वेळा तिनं आठवून बघितल्या, मागे वळून, कोपऱ्यात शोधून. तिच्या बर्फात जनू एकदाही आला नव्हता. तिनं त्याला नको म्हटलं नव्हतं. तिच्या ध्यानीमनीच नव्हता तो.

ती उठून आत गेली आणि जिज्ञासाच्या हातातला फोन घेऊन तिच्याकडेच परत धरला. "लाव गो परत त्या बाईला. इचार, त्या चुलीच्या खोलीत दोन मानसं मावतील काय."

जिज्ञासानं पुन्हा फोन लावला. बाई म्हणाली, दो क्या, तीन आ जाएँगे. मग जिज्ञासा रेल्वेची तिकिटं बघायला बसली. चिमीचं नाव, वय छप्पन्न. जनूचं नाव लिहिलं आणि ती थांबली.

"बाबांचं वय काय टाकू?"

"अवो," चिमीनं पडवीकडे तोंड करून हाक मारली, "वय काय सांगू तुमचं?"

बाहेर खाट करकरली.

"साठ सांग," जनू म्हणाला. "जास्त सांगशील तं नेनार नायत."

तो चौसष्टचा होता. चिमीनं साठ सांगितलं.